गावी गेलेले

बोरसेबाई हजेरी उलटी घ्यायच्या. रविवारी सकाळी आम्ही डॉक्टर मंडळी जमलो की आलेल्यांकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून विचारायच्या, "कोण नाही आज?"

कोणीतरी म्हणायचं, देसाई नाहीत.

"का नाही?"

"लग्नाला गेले असतील बहुतेक."

"बहुतेक?" या शब्दावर त्या हटकून थांबायच्या. "फोन करून या."

आणि खरोखरच कोणीतरी जिना उतरून फोन करून यायचं. देसाई लग्नाला गेलेले नसायचे. मागच्या रविवारी बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना धुतलेलं असायचं, म्हणून घरी बसलेले असायचे. बाई मान डोलवायच्या. "बघा. खूश असलेले आले, नाखूश घरी राहिले. आता इथे जमलेल्यांना विचारलं वर्ग कसा आहे, तर काय उत्तर येईल?"

सुरतेतल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. नव्वदीची पहिली वर्षं. येणारे सगळे आपापल्या विषयातले तज्ज्ञ, कोणी हृदयाचे, कोणी हाडांचे, कोणी लहान मुलांचे. बाहेर पाट्या, पाट्यांवर पदव्या. आणि शिकायचं काय, तर वाचायला. वैद्यकाच्या नियतकालिकांत औषधांवर, शस्त्रक्रियांवर शोधनिबंध येतात. त्यातला एक दर रविवारी घ्यायचा, आणि त्यातलं खरं किती, फुगवलेलं किती, आपल्या रोग्याच्या कामाचं किती, ते तपासायचं. आता हे सगळीकडे शिकवतात. तेव्हा आमच्याकडे छापलं ते खरं, आणि औषध कंपनीच्या माणसानं गुळगुळीत कागदावर आणून दिलं ते जरा जास्तच खरं, अशी रीत होती.

बाई त्या इस्पितळात मेडिसिनच्या प्रमुख. बुटक्या, रुंद खांद्यांच्या. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चपला, गालात बडीशेप. मूळच्या अमळनेरकडच्या. वडील पोट भरायला सुरतेत आले आणि कापड बाजारात चिकटले. ते लवकर गेले, मग थोरल्या भावानं, भास्करदादानं, पॉवरलूमवर उभं राहून बहिणीला डॉक्टर केलं. बाई मराठी शुद्ध बोलायच्या, गुजराती सुरत्यांसारखी बोलायच्या, आणि संतापल्या किंवा फार प्रेमात आल्या की अहिराणीवर घसरायच्या. मीही खानदेशातला, म्हणून माझ्या वाट्याला अहिराणी जास्त आली. दोन्ही कारणांनी.

माझी वाचायची पहिली पाळी आली तेव्हा मी तिशीतला, नवा नवा, रात्रभर तयारी करून आलेला. निबंधाचा निष्कर्ष खणखणीत आवाजात वाचायला लागलो.

"थांब," बाई म्हणाल्या. माझ्या हातातून निबंध घेतला, पहिलं पान आणि शेवटचं पान मागे दुमडलं, आणि मधलं पान समोर धरलं. "इथून वाच."

"बाई, सारांश तरी आधी..."

"माझे वडील काय काम करायचे, ठाऊक आहे? कापडाचे ताके तपासायचे. ताका समोर आला की वरचं वार बघायचं नाही, शेवटचं वार बघायचं नाही. ती दोन खराब ठेवायला विकणारा वेडा आहे का? मधे हात घालून ताका उघडायचा. डाग असला तर तिथे असतो."

हाडांचे डॉक्टर जरीवाला पिढीजात सुरती. ते मागून म्हणाले, "साचुं छे, बेन. मारा बापुजी पण एम ज करता." त्यांचे वडीलही तसंच करायचे म्हणे. "पण बापुजी आधी नाश्ता करायचे. लोचो ठंडो थाय छे."

लोचो, म्हणजे डाळीचा सुरती नाश्ता, कोपऱ्यातल्या टेबलावर वाफाळत असायचा आणि निबंधाचं मधलं पान संपल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. जरीवाला तो नियम मोडायला दर रविवारी नवी युक्ती काढायचे. एकदा त्यांनी जाहीर केलं की लोचो गरम असताना जास्त पचतो असा एक शोधनिबंध आहे. बाई म्हणाल्या, "आणा. मधून उघडू."

त्यांची दुसरी खोड म्हणजे भाषांतर. निबंधातलं कुठलंही भारदस्त वाक्य आलं की त्या वाचणाऱ्याला थांबवायच्या. "हे भेस्तानच्या बाईला सांग." भेस्तान ही सुरतेतली कामगार वस्ती. भेस्तानची बाई म्हणजे कोणी एक बाई नव्हे, ओपीडीत नवऱ्याला धरून आणणारी कुठलीही बाई. रोग्याच्या उशाशी ज्या भाषेत बोलतोस त्या भाषेत ते वाक्य कर, असा त्याचा अर्थ. एकदा मी वाचलं, हृदयाच्या आलेखात लक्षणीय सुधारणा दिसून आली.

"सांग तिला."

"तुझ्या नवऱ्याची पट्टी सुधारली."

"ती विचारते, आणि नवरा?"

मी निबंध चाळू लागलो. नवऱ्याचं त्यात काही नव्हतं. तो जास्त चालतो का, जास्त जगतो का, कोणी विचारलंच नव्हतं.

"पट्टी सुधारनी, मानूस कथा गया?" बाई म्हणाल्या. पट्टी सुधारली, माणूस कुठे गेला? सगळे हसले. मीही हसलो. तो प्रश्न पुढे माझ्या दाराशी येऊन बसणार आहे, हे मला कुठलं ठाऊक.

आमच्या शहरात एक वाक्य फार चालतं. गावी गेला. कामावर आला नाही, गावी गेला. भाडं बुडवलं, गावी गेला. इस्पितळातही तेच. औषध चालू असलेला रोगी पुन्हा फिरकला नाही की आम्ही म्हणायचो, गावी गेला, आणि त्याला विसरायचो. सुरतेतला निम्मा रोगी खानदेशातला, मराठवाड्यातला, त्यामुळे हे उत्तर कोणालाच खटकायचं नाही. खटकायचं ते फक्त बाईंना.

"आपला माणूस धडधाकट असला तर मशीनवर असतो," त्या म्हणायच्या. "गावी कधी जातो? घरात लग्न असलं तर, आखाजीच्या सणाला, नाहीतर मरायला. इथे मेलं तर सरण महाग, खांदा द्यायला माणसं कमी. म्हणून दुखणं हाताबाहेर गेलं की त्याला गाडीत घालतात. आणि तुम्ही म्हणता, गावी गेला. जसा काही हुरडा खायला गेला."

एकदा त्या मला घेऊन बमरोलीला गेल्या. फुप्फुसाचा एक रोगी यायचा बंद झाला होता. आम्ही पोचलो तर खोलीला कुलूप. शेजारीण ओसरीत कपडे धूत होती. "त्या गावले गयात," ती म्हणाली. बाईंनी गावाचं नाव विचारलं, मग चाळीत त्या गावचं आणखी कोण आहे ते विचारलं. सगळीच चाळ त्या गावची होती. आमच्या लोकांची रीतच तशी. एका गावचे एका चाळीत राहतात. बाईंनी एका पोराच्या मामाला गाठलं, तो त्याच आठवड्यात भुसावळकडच्या पॅसेंजरनं निघणार होता. त्याच्याजवळ निरोप दिला. दिवस चार गेले नाहीत तर उत्तर आलं. रोगी जिवंत होता, बाजेवर बसून होता, औषध संपलं म्हणून थांबला होता.

"बघ," परतताना बाई म्हणाल्या. "पोस्टाला जे जमत नाही ते पॅसेंजरला जमतं. सापडत नाही असं कोणी नसतं. शोधत नाही, असं असतं."

हे मला त्यांनी शिकवलं. हे मला येत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर मी स्वतः एक अभ्यास हाती घेतला. हृदयाचे वेडेवाकडे ठोके सरळ करणारी एक नवी गोळी बाजारात आली होती. कंपनीनं गोळ्या फुकट दिल्या, मी त्या बमरोली, भेस्तान, सचिन या वस्त्यांतल्या गिरणी कामगारांना द्यायचो आणि ठराविक दिवसांनी बोलावून पट्टी काढायचो. पट्ट्या सुरेख येत होत्या. मला मोठ्या गावातल्या मोठ्या परिषदेत बोलायचं होतं, मग मोठ्या इस्पितळात जागा मिळवायची होती. बाईंनी मार्गदर्शक म्हणून नाव दिलं होतं. माझ्यावर त्यांचा जीव होता.

त्या उन्हाळ्यात नथू नावाच्या रोग्याचा धाकटा भाऊ ओपीडीत आला. हातात रुमालात बांधलेल्या गोळ्या. त्यानं त्या माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाला, भाऊ गेला. गावाकडे नेला होता. या फुकटच्या गोळ्या, दुसऱ्या कोणा गरिबाच्या कामी येतील. मी गोळ्या घेतल्या. काय बोललो आठवत नाही. वाईट झालं, असं काहीतरी बोललो असेन. आणि नथूला मी गावी गेलेल्यांत घातलं. खोटंही नव्हतं ते. गावी तर तो गेलाच होता.

पुढे भेस्तानच्या एका टपरीवर अजून एकाचं कळलं. तिसऱ्याचं कळायच्या आत मी विचारायचं सोडलं.

मग चौऱ्याण्णवची साथ आली. प्लेगची बातमी फुटली आणि शहर रिकामं झालं. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, लोक टपांवर बसून गेले. त्या पळापळीत माझे पुष्कळ रोगी गेले, आणि मनातल्या मनात मला हलकं वाटलं, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. आधी गेलेले आणि साथीत पळालेले मी एकाच ढिगात टाकले. वरून साथीचं कारण घातलं. कोण शोधणार होतं?

शहर पुन्हा भरल्यावर एका रविवारी मी माझाच निबंध वर्गात वाचला. बाईंनी पहिलं पान दुमडलं, शेवटचं दुमडलं. मधलं वाचून झालं तशी त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "गेलेल्यांचं काय?"

"साथीत पळाले, बाई."

"चौकशी केली?"

"केली. निरोप पाठवले होते. ठीक आहेत सगळे. तिकडेच राहिले."

जरीवालांनीही लोचोचं नाव काढलं नाही. दुसरा कोणी असता तर बाईंनी विचारलं असतं, कोणाबरोबर पाठवले, कुठल्या गावाला. माझ्याकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "तू विचारलंस ना? मग झालं." आणि स्वतः उठून लोचोची ताटली माझ्यापुढे ठेवली.

निबंध छापून आला. परिषदही झाली. त्याच सुमारास भास्करदादाचे ठोके चुकायला लागले. बाईंनी घरच्या माणसाला नवं औषध कधी दिलं नव्हतं. मला बोलावून विचारलं, "देऊ का रे? तुझी गोळी?"

त्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो आम्ही. दादा बाहेर पेपर वाचत बसला होता, आतून दिसत होता. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, जरा थांबा, दोघांचं मला कळलं आहे. एवढंच. मी म्हणालो, "द्या की. पट्टी छान होते."

काही महिन्यांनी दादा पांडेसऱ्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडता निवडता खाली बसला आणि उठला नाही.

तेराव्याला जरीवाला हळूच म्हणाले, "बेन, गोळीचं तर काही..." बाईंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "एका माणसावरून काही ठरत नाही, जरीवाला. वय झालं होतं, छाती आधीच खराब होती. माझा भाऊ होता म्हणून तो पुरावा होत नाही." सख्ख्या भावाच्या तेराव्यालाही त्या बाईनं नियम मोडला नाही. मी तिथेच बसलो होतो, पत्रावळीवर डोळे ठेवून.

पण एका माणसावरून ठरत नाही म्हटल्यावर, बाकीच्या माणसांना विचारणं आलं. बाईंनी आपल्या पद्धतीनं निरोप पाठवले. पॅसेंजर उत्तरं घेऊन येऊ लागली. मला त्यांनी काही सांगितलं नाही. एक दिवस म्हणाल्या, "उद्या चल माझ्याबरोबर. अमळनेरच्या पुढे जायचं आहे."

नथूचं घर गावाच्या टोकाला होतं. नथूची बायको दारात शेंगा फोडत बसली होती. बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या, शेंगा फोडू लागल्या, आणि कसा गेला ते विचारलं. ती सांगत होती. "जेवना, बिडी पेटाडी, आनि आडा पडना. मंग उठनाच नही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, डॉक्टरसाहेब चांगले, दर वेळी पट्टी काढून दाखवायचे, सुधारली म्हणायचे. तिनं आत जाऊन चहा टाकला. सुरतेहून डॉक्टर विचारपूस करायला आला, एवढ्या लांब, याचं तिला फार वाटलं. मला पाट दिला, बाईंना नाही.

तेवढ्यात धाकटा भाऊ शेतातून आला. मला बघून हसला. "साहेब, वळख शे ना? गोळ्या परत दिध्यात ना मी तुमले?" आणि बाईंकडे वळून, आपण फुकटचं काही ठेवून घेतलं नाही हे सांगावं तसं, "एक बी ठेवी नही, ताई. सर्व्या साहेबना हातमा दिध्यात. भाऊ गया त्याच महिनाले."

बाईंनी चहा संपवला. कपबशी विसळून ठेवली. जाताना नथूच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही स्टेशनाची वाट धरली.

फलाटावर एकच बाक होता, त्यावर आम्ही दोघं. गाडीला उशीर होता. त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

आवाज वर्गातला नव्हता. उत्तर त्यांना नुकतंच मिळालं होतं, नथूच्या भावाच्या तोंडून. मला विचारत होत्या ते माझ्यासाठी, हे कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा वाटलं, अजून निसटता येईल.

"ओपीडीत किती गर्दी असते, बाई," मी म्हणालो. "लक्षातच राहिलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

गाडी आल्यावर त्या बायकांच्या डब्यात चढल्या.

निबंध मागे घेतला तो त्यांनी. नियतकालिकाला त्यांनीच कळवलं, आणि छापून आलं तेव्हा मी ते इस्पितळाच्या वाचनालयात उभ्यानं वाचलं. गोळीनं माणसं मेली असा आमचा दावा नाही, त्यांनी लिहिलं होतं. न परतलेल्यांचं काय झालं हे नीट विचारलं गेलं नाही, म्हणून या अभ्यासावरून कोणीही काही ठरवू नये. चौकशी करून घेण्याची जबाबदारी मार्गदर्शक म्हणून माझी होती, ती मी पार पाडली नाही. खाली फक्त त्यांची सही. माझं नाव कुठे नव्हतं.

इस्पितळानं त्या गोळ्या बंद केल्या. विश्वस्तांनी बाईंना बोलावून काय सुनावलं माहीत नाही. वर्षभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. जाताना रविवारचा वर्ग कोणाकडे द्यायचा असा प्रश्न आला, तेव्हा जरीवालांनी माझं नाव सुचवलं. बाई नाही म्हणाल्या नाहीत. वर्ग मी घेऊ लागलो, आणि चांगला घेतला, हे लोक सांगतात. दुसऱ्या शहरांतून बोलावणी येऊ लागली. गेलेल्यांचं काय झालं ते विचारा, हे मी किती डॉक्टरांना शिकवलं असेल. माझा तो धडा सगळ्यात रंगतो. आज पन्नाशी मागे पडली, तरी तो घेताना माझ्या तोंडाला कोरड पडते, आणि विद्यार्थ्यांना वाटतं, सर किती तळमळीनं शिकवतात.

बाई एकदाच आल्या वर्गाला. सत्त्याण्णवचा हिवाळा असावा. शाल गुंडाळून मागच्या रांगेत, दारापाशी बसल्या. वाळल्या होत्या. नव्या मुलांना त्या कोण हे माहीत नव्हतं. मी निबंध घेतला, पानं दुमडली, शिकवत राहिलो, आणि सगळा वेळ त्यांच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. ज्या बाईनं आयुष्यभर ज्याला त्याला प्रश्न विचारले, ती काहीतरी विचारणारच. विचारलं असतं तर त्या दिवशी मी सांगितलं असतं, सगळ्यांसमोर, असं मी स्वतःला अजून सांगतो. त्याला पुरावा नाही.

वर्ग संपला. मुलं लोचोभोवती जमली. बाई उठल्या, माझ्याकडे बघून ओळखीच्या माणसाकडे हसतात तेवढं हसल्या, आणि जिना उतरून गेल्या.

मी खिडकीशी गेलो. खाली शेअर रिक्षा उभी होती, आत आधीच तिघं चौघं. रिक्षावाला पोरगेला, गळ्यात मफलर. बाईंनी त्याला बोलण्यावरून खानदेशातला म्हणून ओळखलं असणार, कारण चढता चढता त्या थांबल्या आणि मोठ्यानं विचारलं, "कोणता गावना रे तू?" त्यानं काही सांगितलं. "आणि घरना? बठ्ठा बरा शेतस का?" घरची सगळी बरी आहेत का. तो मागे वळून सांगत राहिला, आई, बहीण, कोणाचं तरी लग्न, बाई अर्ध्या आत अर्ध्या बाहेर ऐकत राहिल्या. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे आत बसलेल्या एकीनं सरकून जागा केली, बाईंनी शालीचा सोगा आत ओढला, आणि रिक्षा उधन्याच्या दिशेनं निघून गेली.